सतरा पितळी बिल्ले

सोमवार, ८ सप्टेंबर १९८६. बिटरवेल, नेवाडा.

पोचले एकदाची. शेवटच्या सत्तर मैलांत एक गाय, दोन ससे आणि एक बंद पडलेला पेट्रोलपंप एवढेच भेटले, तरी गाडी चालवताना मी गात होते. छत्तिसाव्या वर्षी शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडून उत्खननाच्या नोकरीला लागणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणतात. म्हणोत बापडे. राहायला पत्र्याचा ट्रेलर आहे आणि खिडकीतून सगळं गाव दिसतं. गाव म्हणजे आता नुसती झुडपं, जोत्यांचे दगड आणि गंजलेले डबे. १९०९ पर्यंत इथं चांदीच्या खाणीवर दोन हजार माणसं राहत होती.

आम्ही तिघंच आहोत. डॉ. वॉल्ट हॅगस्ट्रॉम हा आमचा साहेब. माणूस भला, पण दर वाक्यात वेळापत्रक. माइते एचेवेरी माझ्यासोबत खणणार. स्पेनकडून आलेल्या बास्क मेंढपाळाची पोर, हात फावड्यासारखे आणि तोंड त्याहून मोठं. मी सामान उतरवायच्या आत तिनं कोकराचं मटण आणि घेवड्याचा रस्सा पुढे ठेवला आणि विचारलं, संडास उकरायला एवढं शिकावं लागतं होय? लागतं. तेव्हाची माणसं नको असलेलं सगळं संडासाच्या खड्ड्यात टाकत, त्यामुळे आमच्यासाठी तीच गावाची तिजोरी.

घाई आहे, कारण शेजारीच सोन्याची नवी उघडी खाण चालू आहे. रोज दुपारी बाराला सुरुंग उडतो आणि खाणीचा काठ जवळ सरकतो. ३ ऑक्टोबरला ही टेकडीच उडवणार, गावासकट.

फाटकावर एल्वूड येट्स बसतो. सत्तरीचा, जन्मभर खाणीत काढलेला. त्यानं मला ५२ नंबरचा पितळी बिल्ला दिला आणि अर्धा तास उन्हात उभं करून नियम शिकवला. फळीवर खिळ्यांच्या दोन रांगा. आत जाताना बिल्ला खालच्या, ‘आत’च्या रांगेत अडकवायचा. निघताना वरच्या, ‘बाहेर’च्या रांगेत. ‘आत’ची रांग मोकळी झाल्याशिवाय सुरुंग उडत नाही. आधी भोंगा तीनदा, म्हणजे अर्धा तास राहिला. मग दोनदा, म्हणजे दहा मिनिटं. शेवटी एकदा, लांब. आणि दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. “पोरी, नवऱ्याचा असला तरी नाही,” म्हणाला. मला नवरा नाही हे सांगितल्यावर म्हणाला, मग तर प्रश्नच मिटला.

मी इथं का आले ते कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहिते. माझे आजोबा सायलस पेंगेली, इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार, याच खाणीत होते. ९ ऑक्टोबर १९०९ ला खाणीत आग लागली. कंपनीनं जाहीर केलं की ‘आत’ची रांग रिकामी आहे, सगळे वर आलेत. आणि त्याच संध्याकाळी आग कोंडायला खाणीचं तोंड बुजवलं. आजोबा घरी आले नाहीत. माझ्या पोटुशा आजीला सांगितलं, बाई, तुमचा नवरा संध्याकाळच्या गाडीनं पळाला. पप्पा पुढच्या जानेवारीत जन्मले. शहात्तर वर्षं ते पळपुट्याचा मुलगा म्हणून जगले. आता त्यांचं हृदय थकलंय. आजोबा पळाले नव्हते, हे एवढं एक वाक्य मला पुराव्यानिशी त्यांच्या कानावर घालायचं आहे, ते ऐकायला आहेत तोवर.

गुरुवार, ११ सप्टेंबर.

खाणावळीच्या संडासात तीन दिवस. कालवांचे रिकामे डबे एकशे चार! शेकडो मैलांवर समुद्र, आणि शनिवारी संध्याकाळी ही माणसं डबाबंद कालवं खात होती. पीचच्या बिया, अंजिराच्या बिया, अफूमिश्रित दुखण्याच्या औषधाच्या बाटल्या, चिनी वाडग्याचा तुकडा, तीनदा तळ ठोकलेला एकच बूट आणि बाहुलीचा चिनीमातीचा हात. मांसाची हाडं सगळी नळीची, स्वस्तातली. मी खूष आहे.

चाळणी मात्र दोनदा फाटली. वाऱ्यानं चिठ्ठ्या उडवल्या. प्रत्येक पिशवीसाठी तीन कागद भरायचे आणि तिन्हींवर तेच लिहायचं, यानं डोक्याला ताप झालाय. साडेअकराला खोकी उचलून फाटकाकडे पळायचं, जेवायचं, सुरुंग झाला की परत. आज माझे दोन्ही हात खोक्यांत अडकले होते म्हणून माइतेनं तिच्याबरोबर माझाही बिल्ला ‘बाहेर’ला अडकवला. एल्वूडनं तिची अशी हजेरी घेतली की तिच्या मेंढ्याही शिकल्या असत्या. माझ्याकडे हात करून ती म्हणाली, बाई डोळ्यांसमोर उभी आहे, दिसत नाही का? तो म्हणाला, मला डोळ्यांचं सांगू नकोस, फळीचं सांग.

सोमवार, १५ सप्टेंबर.

वॉल्टशी वाजलं. मला खाणीचा व्यवस्थापक फेअरबर्न याच्या घराचा संडास हवाय. आग लागल्यावर आठवड्यानं तो गाव सोडून गेला. त्यानं जाताना काय टाकलं ते मला बघायचंय. वॉल्ट म्हणतो खाणावळच पुरी करा, आकडे चांगले येतायत. आकडे! मी म्हटलं, कालवांचे डबे मोजायला मी आले नाही. मग कशाला आलीस, असं त्यानं सरळ विचारलं. खरं सांगण्याऐवजी मी राजीनामा देईन म्हणाले. माइते म्हणते हा आठवड्यातला दुसरा. शेवटी चार दिवस दिले, उपकार केल्यासारखे.

गुरुवार, १८ सप्टेंबर.

सापडले.

फेअरबर्नच्या खड्ड्यात वर शॅम्पेनच्या बाटल्या, मग चुन्याचा जाड थर, आणि चुन्याखाली तारेत ओवलेले पितळी बिल्ले. हिरवे पडलेले. सतरा. मी बोटानं माती पुसत गेले आणि नववा होता २३. आजोबांनी आजीला पत्रात लिहिलं होतं, माझा बिल्ला तेवीस, तुझ्या वयाएवढा.

म्हणजे रांग रिकामी नव्हती. ती यानं रिकामी केली. सतरा माणसं खाली असताना त्यांचे बिल्ले काढून खिशात घातले, खाणीचं तोंड बुजवलं आणि नंतर ते संडासात टाकून वर चुना ओतला. बाकीचे सोळा एकटेदुकटे असणार, विचारणारं कुणी नव्हतं. मी खड्ड्यात बसून रडले. माइतेनं पाणी दिलं.

वॉल्टला सगळं सांगितलं, आजोबांसकट. तो ऐकून घेऊन म्हणाला की वाईट वाटतं, पण जुने बिल्ले कुणी अडगळ म्हणूनही टाकतं. अहवालात ‘पितळी चकत्या, सतरा’ एवढंच येईल. खाली माणसं होती याला पुरावा काय? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यादीतल्या चकत्या वाचून पप्पांना काय सांगू?

रविवार, २१ सप्टेंबर.

सुट्टी. दुपारी फाटकावर कुणी नव्हतं. एल्वूडची फळी त्याच जुन्या खाणीची आहे, त्यानंच कधी तरी वाचवून हिरवा रंग दिलाय. तिरप्या उन्हात रंगाखालचे जुने आकडे उठून दिसतात. मी सतराही बिल्ले ‘आत’च्या रांगेत आपापल्या आकड्याखाली अडकवले आणि फोटो काढले. सतराही भोकं खिळ्यांत बरोब्बर बसली.

काढायला हात पुढे केला आणि वाटलं, राहू देत. शहात्तर वर्षांत एक दिवस तरी खरं टांगलेलं असू दे.

सोमवार, २२ सप्टेंबर.

आज सुरुंग उडाला नाही. एल्वूडनं भोंगा वाजवायला नकार दिला. खाली सतरा जण आहेत, म्हणाला. खाणीचा मुकादम आधी हसला, मग ओरडला, मग त्यानं वरिष्ठांना बोलावलं. एल्वूड फळीपुढे टोपी काढून उभा होता. मला म्हणाला, “अडकवलेस ते चांगलं केलंस, पोरी. पण आता ते ज्याचे त्यानंच काढायचे. तू नाही, मी नाही.” दुपारी त्याला घरी बसवलं. चाळीस वर्षांची नोकरी, माझ्या एका फोटोपायी.

मग वॉल्ट आला. म्हणाला, आत्ता काढ, नाहीतर तिघांनाही उद्या फाटकाबाहेर काढतील. मी भांडले. थकले. काढले. एकेक करून सतरा, माझ्या या हातांनी. कोटाचा खिसा जड झाला.

फेअरबर्ननंही असेच काढले असतील. हे मला शेवटचा काढल्यावर सुचलं.

गुरुवार, २५ सप्टेंबर.

काय चाललंय ते कळत नाही. साडेअकराला मी स्वतः, नीट बघून, माझा ५२ ‘बाहेर’ला अडकवला. पावणेबाराला मुकादम ओरडत आला की ५२ आत आहे. मी त्याच्या समोर सँडविच खात उभी. तरी सुरुंग वीस मिनिटं थांबला. बिल्ला हातात घेतला तर बर्फासारखा गार आणि ओला. बाहेर छत्तीस डिग्री ऊन.

कुणीतरी खोड्या काढतंय. एल्वूडवरून माझ्यावर राग असणारे बरेच आहेत.

शनिवार, २७ सप्टेंबर.

पुन्हा. काल आणि आज. आज अडकवल्यावर मी फळीपुढून हललेच नाही. डोळ्यांत धूळ गेली म्हणून एकदा पुसले, तेवढ्यात ५२ खाली. मुकादमानं वॉल्टला लेखी तक्रार दिली. वॉल्ट म्हणतो तू दमली आहेस. माइते म्हणते झोप काढ. दोघं माझ्याशी आजाऱ्याशी बोलतात तसं बोलतात, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

फेअरबर्नच्या खड्ड्याचा तळ पोकळ वाजतो. फावडं टेकलं की खालून आवाज येतो, रिकाम्या पिंपासारखा. जुना बोगदा अगदी जवळून गेला असणार. वॉल्टला सांगितलं. त्यानं ताबडतोब खड्डा बंद करायला सांगितला. पुरावा हवा होता ना? तो खाली आहे. पण नाही, वेळापत्रक. खड्डा मी उघडाच ठेवलाय.

सोमवार, २९ सप्टेंबर.

ठोकण्याचा आवाज. भर दुपारी, तळाखालून. सावकाश, एक एक. मोजले. सतरा. मग शांत. मग पुन्हा सतरा.

आमच्या कॉर्नवॉलच्या लोकांत खाणीत अडकलेला माणूस दगडावर ठोकतो आणि शोधायला गेलेले तेवढेच ठोके परत देतात, ऐकलं म्हणून. मी माइतेला खड्ड्यात उतरवलं. तिला काही ऐकू आलं नाही. वर आल्यावर तिनं गळ्यातला क्रूस ओठांना लावला, पण ऐकू आलं नाही म्हणाली.

बुधवार, १ ऑक्टोबर.

आज राहवलं नाही. खोऱ्याच्या दांड्यानं सतरा ठोके परत दिले.

बराच वेळ काही नाही.

मग अठरा.

पुन्हा मोजले. अठरा. मी पळत वर आले. फाटकावर बिल्ला ‘बाहेर’ला लावला. मान वळवून पाहिलं — ‘आत’. पाणी ठिबकत होतं. ‘आत’च्या बाकी सगळ्या खिळ्यांवरूनही —

सुरुंग पुन्हा थांबला. वॉल्टनं माइतेला सगळ्यांदेखत सांगितलं की शुक्रवारी टेकडी उडायची आहे, त्या दिवशी लॉर्नाचा, म्हणजे माझा, बिल्ला ‘बाहेर’ला आहे की नाही हे तू जातीनं बघायचं. एल्वूड असता तर हे चाललं नसतं. एल्वूडला मीच घालवलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर.

पुन्हा भांडण. शेवटचं. खड्ड्याच्या तळाला एक भोक, त्यातून दिवा सोडायचा, एक फोटो. फक्त एक तास मागितला. नाही म्हणाला. उद्या सकाळी खड्ड्याजवळही फिरकायचं नाही, म्हणाला.

राजीनामा लिहून त्याच्या टेबलावर ठेवला. उद्या पहाटेच निघून जाते असं त्यात लिहिलंय. रागात लिहिलं. ट्रेलर रिकामा केला. यादीतल्या पिशवीतून २३ काढून घेतला. चोरीच ती. असू दे, तो आमचा आहे.

पण जाणार नाहीये. गाडी टेकडीमागे लावीन, कुणाला दिसणार नाही. पहाटे एक तास. मग सरळ पप्पांकडे.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. सकाळी कधीतरी.

तळ खचला. पडले. डावा घोटा गेलाय, पाय टेकवत नाही. वर भोक दिसतं, दोन पुरुष उंच. दोर वरच. ओरडले. वारा आहे, कुणी ऐकत नाही.

घाबरायचं नाही. ५२ ‘आत’च्या रांगेत आहे. सहाला आले तेव्हा मी स्वतः अडकवलाय. तो तिथं आहे तोवर सुरुंग उडत नाही. साडेअकराला बघतील, शोधायला येतील. फळीवर विश्वास ठेवायचा.

दहाच्या सुमारास.

बॅटरी चालू केली. बोगदाच आहे. एका टोकाला ओंडके आणि माती, बाहेरून बुजवलेलं. ओंडक्यांवर कुदळीचे घाव. आतल्या बाजूनं.

भिंतीशी माणसं बसलीत. वाळलेली. कातडं चिकटलेलं. समोर जेवणाचे डबे ओळीनं, झाकणं लावलेली. मोजले. सतरा.

माझ्याजवळच्या डब्यावर खिळ्यानं कोरलंय — एस. पी.

पप्पा, मी त्यांच्याशेजारी बसलेय. नाक तुमचं आहे.

अकरा असावेत.

त्यांचा उजवा हात मांडीवर, तळवा वर. काही मागितल्यासारखा. मी २३ त्यात ठेवला. ज्याचा त्याला.

मग बॅटरी विझवली, वाचवायला. परत लावली.

मूठ मिटलीये.

मी हात लावला नाही. मी — बाकीच्यांकडे उजेड टाकला. आधी त्यांचे हात छातीशी होते. बघितलं होतं मी. आता सगळ्यांचे तळवे वर. सोळा. माझ्याकडे नाहीयेत ते, वॉल्टच्या पिशव्यांत आहेत. मी सांगितलं त्यांना. मोठ्यानं सांगितलं.

भोंगा. तीनदा.

तीनदा कसा? ५२ ‘आत’ आहे. अजून मोजायचं असेल. मुकादम बघेल, ओरडेल, थांबवेल. गेले आठ दिवस थांबवतोय.

गेले आठ दिवस ते माझा बिल्ला खाली आणत होते. खोडी नव्हती. मी कुठं असणार हे त्यांना — आणि मी रोज तो वर —

ओरडतेय. दगडानं ठोकतेय. ते पण ठोकतायत. बरोबर माझ्या लयीत.

माइते. माइतेनं हलवला असणार. ट्रेलर रिकामा बघितला असेल, गाडी नाही, टेबलावर चिठ्ठी. म्हणाली असेल, ही बया बिल्ला न हलवताच गेली, नेहमीसारखी. माझ्यासाठी म्हणून हलवला असणार, प्रेमानं. वॉल्टनं सांगितलं होतं. तिचा दोष नाही. तिला कुणीतरी सांगा —

भोंगा. दोनदा.

दहा मिनिटं. वॉल्ट पप्पांना फोन करेल. म्हणेल, भांडली आणि पहाटे निघून गेली. राजीनामा आहे, माझ्या अक्षरात. पप्पा फोन ठेवतील. आजीला सांगितलं तसंच. दुसऱ्यांदा तेच —

बॅटरी पिवळी पडतेय. शेजारी कुणीतरी सरकून जागा केली. कोट दगडावर घासल्याचा आवाज आला. बघत नाही.

वही एस. पी.च्या डब्यात ठेवते. लोखंडी आहे. कुणी उकरलं कधी तर वाचा आणि जॉन पेंगेली, ग्रास व्हॅली, यांना सांगा. एवढंच सांगा. ते पळाले नव्हते पप्पा. इथंच होते, डबा समोर ठेवून, वाट बघत. आणि मीपण पळाले ना